जुन्या पेट्रोल इंजिनात साचलेला गाळ इंजिनाला इजा न होता कसा काढावा?

मृदुला

नमस्कार. आमच्याकडे वीस वर्षांहून जुनी, चार सिलिंडरची, इंजेक्शनवर चालणारी पेट्रोल गाडी आहे. मागची काही वर्षे ती फार कमी आणि जवळच्या जवळच फिरली. अलीकडे ती माझ्या वापरात आली तेव्हा ऑइल शेवटचे कधी बदलले याची नोंद कुठेच सापडली नाही, म्हणून ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहिले. झाकणाच्या आतल्या बाजूला डांबरासारखा काळा, घट्ट थर होता. टॉर्चच्या उजेडात टॅपेट कव्हरच्या आतही तोच थर दिसतो. कॅमशाफ्टचा घासला जाणारा भाग तेवढा चकाकतो, बाकी सगळे काळे आहे. डिपस्टिकवरचे ऑइल काळे असले तरी वाहते आहे आणि त्याची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे.

गाडीची लक्षणे अशी: रात्रभर उभी राहिल्यावर सुरू केली की वरच्या बाजूने टॅपेटची टकटक काही क्षण ऐकू येते आणि मग थांबते. त्याच वेळी सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर येतो, तो नंतर दिसत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला तर इंजिनातून बारीक खडखड येते. ऑइलचा दिवा आजवर पेटलेला नाही.

एका मेकॅनिकने फ्लशचा, म्हणजे इंजिन आतून धुणाऱ्या द्रवाचा, डबा ओतून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे आणि मग ऑइल बदलायचे असे सुचवले. दुसऱ्याच्या मते जुन्या ऑइलमध्येच लिटरभर रॉकेल किंवा डिझेल मिसळले तर इंजिन आतून लख्ख होते. दोन्ही उपाय ऐकायला सोपे आहेत आणि त्यामुळेच मनात शंका आहे. इंजिन न खोलता हा गाळ काढता येतो का, आणि काढायचा तर कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावे.

जुना फोरमन

मृदुलाताई, काहीही ओतण्याआधी विचारलेत हे फार बरे झाले. रॉकेल-डिझेलचा सल्ला मनातून काढून टाका, आणि फ्लशही निदान आत्ता नको.

गाळ जोवर टॅपेट कव्हरला किंवा ऑइल चेंबरच्या तळाला चिकटून बसलेला आहे, तोवर तो बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो. खरा धोका तो सुटू लागल्यावर सुरू होतो. ऑइल पंप चेंबरमधले ऑइल एका जाळीतून वर ओढतो. पंपातून ते फिल्टरमध्ये जाते आणि फिल्टरमधून क्रँक, कॅम व टॅपेटपर्यंत पोहोचते. म्हणजे जाळी पंपाच्या अलीकडे आहे आणि फिल्टर पलीकडे. सुटलेला गाळाचा तुकडा फिल्टरपर्यंत पोहोचतच नाही, तो आधी जाळीवर जाऊन बसतो, आणि म्हणून कितीही उत्तम नवा फिल्टर लावला तरी जाळीचे रक्षण होत नाही. जाळी झाकली गेली की पंपाला ऑइल मिळत नाही, दाब पडतो आणि क्रँकची बेअरिंगे अगदी थोड्या वेळात खराब होतात. फ्लशनंतर इंजिन बसल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच या वाटेने जातात. फ्लशने धातूला इजा केलेली नसते. त्याने गाळ एकदम सोडवलेला असतो आणि त्या गाळाला बाहेर पडायला वाट नसते.

दिवा पेटलेला नाही म्हणून निश्चिंत राहू नका. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत उतरल्यावर पेटतो. रस्त्यावर चालत्या इंजिनाला याच्या कितीतरी पट दाब लागतो, तेव्हा दिवा पेटतो तो उशिराच.

रॉकेलचा दोष वेगळा आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अतिशय बारीक थर असतो आणि क्रँकचा सगळा भार त्याच थरावर पेलला जातो. लिटरभर रॉकेल मिसळले की ऑइल इतके पातळ होते की तो थर टिकेलच याची खात्री राहत नाही. शिवाय ऑइल काढले तरी सगळे निथळत नाही. खाचखळग्यांत आणि ऑइलच्या वाटांमध्ये काही भाग उरतोच आणि नव्या ऑइललाही पातळ करतो. रॉकेल जरूर वापरा, पण चेंबर गाडीखाली उतरवून बाहेर धुताना.

आता हा गाळ झाला कशाने, तेही सांगतो, कारण ते कारण दूर केले नाही तर साफ केलेले इंजिन पुन्हा तसेच होईल. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने जळलेला वायू, न जळलेले थोडे पेट्रोल आणि पाण्याची वाफ चेंबरमध्ये उतरत असते. गाडी लांब चालली तर ऑइल पुरेसे तापते आणि पाणी व पेट्रोल उडून ब्रीदरवाटे निघून जातात. जवळच्या फेऱ्यांमध्ये असे होत नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापलेले असते; ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. पाणी, पेट्रोल, काजळी आणि जुने झालेले ऑइल एकत्र राहून त्यांचा गाळ होतो. त्यात पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधला वायू इनटेककडे जाऊ देणारी झडप) तुंबलेला असेल तर वाफेला बाहेर जायला मार्गच उरत नाही. म्हणून तो व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचे पाइप सर्वांत आधी काढून तपासा. बहुतेक पीसीव्ही व्हॉल्व्ह हातात हलवले की आतून खुळखुळतात. आवाज येत नसेल तर नवाच बसवा, तो धुऊन पुन्हा वापरण्यात फायदा नाही.

यानंतर कूलंट पाहा. झाकणाखाली काळ्याऐवजी पिवळट-पांढरा फेस असेल आणि कूलंटची पातळीही घटत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये येत असण्याची शक्यता असते आणि तेव्हा सफाईचा प्रश्न नंतरचा ठरतो. फेस आहे पण कूलंट जागच्या जागी आहे, असे असेल तर बहुधा ते थंड हवेतल्या छोट्या फेऱ्यांचे दव असते. आपल्या वर्णनावरून तरी पाणी मिसळल्याचे दिसत नाही.

मग ऑइलचा दाब मोजा. दाबाचा स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावतात आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला व वाढत्या फेऱ्यांवर आकडे घेतात. आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. तो हाताशी नसेल तर दर हजार आरपीएमला सुमारे ०.७ बार हा कार्यशाळांमधला जुना ठोकताळा आहे, पण तो ठोकताळाच.

दाब काहीही आला तरी माझा आग्रह एकच: चेंबर उतरवा आणि जाळी डोळ्यांनी पाहा. काही गाड्यांत त्यासाठी सायलेन्सरचा पुढचा पाइप किंवा खालचा आडवा सांगाडा सैल करावा लागतो, त्यामुळे काम कष्टाचे आहे, पण हेड खोलण्याच्या मानाने ते काहीच नाही. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली कोणी जाऊ नये, पक्के स्टँड लावावेत. टॅपेट कव्हरही याच वेळी काढून घ्या आणि हेडमधून खाली ऑइल उतरण्याची जी भोके असतात ती मोकळी आहेत का ते पाहा. ती तुंबली तर ऑइल वरच साचते, व्हॉल्व्हच्या दांड्यांभोवती उभे राहते आणि रात्रभरात सिलिंडरमध्ये झिरपते. आपल्याला सकाळी दिसणाऱ्या निळ्या धुराचे ते एक कारण असू शकते. दुसरे कारण व्हॉल्व्ह स्टेम सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील, कडक होणे, आणि ते कोणत्याही सफाईने बरे होत नाही.

वरचा गाळ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलून बाहेर काढावा, खाली ढकलू नये. ऑइल उतरण्याच्या भोकांत आधी कापडाचे बोळे घालावेत, ते मोजून घालावेत आणि मोजूनच काढावेत. गॅस्केटचे अवशेष काढायला फिरत्या यंत्रावरची घासण्याची चकती लावण्याचा मोह टाळावा. त्या चकतीतून सुटणारे कण फार कठीण असतात आणि ते ऑइलमध्ये गेले तर बेअरिंगे कापून काढतात. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोडाही लावू नये, तो धातूच खातो.

सुकाणू

फोरमनसाहेबांचे म्हणणे पटते, पण फ्लशला सरसकट बाद करणे मला थोडे कठोर वाटते. मी गेली अनेक वर्षे दोन गाड्यांना मधूनमधून फ्लश वापरतो आणि कधीही अडचण आलेली नाही. डब्यावर लिहिलेली वेळ पाळायची, साधारण दहा मिनिटे आयडलवर ठेवायचे, रेस द्यायची नाही, गाडी चालवायची नाही आणि ऑइल गरम असतानाच काढायचे, एवढी शिस्त असली तर फ्लश उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे. प्रत्येकाला चेंबर उतरवणे शक्य नसते, हेही लक्षात घ्यावे.

जुना फोरमन

सुकाणू, आपल्या अनुभवावर माझा विश्वास आहे, आणि त्याचे कारण आपल्याच वाक्यात आहे: त्या गाड्यांची निगा वेळेवर घेतली जाते. अशा इंजिनात धातूवर फक्त तपकिरी वार्निश असते. ते विरघळून ऑइलमध्ये मिसळते, त्याचे तुकडे पडत नाहीत आणि जाळी तुंबत नाही. इतिहास माहीत नसलेल्या, दाट गाळ दिसणाऱ्या इंजिनाला तोच डबा वेगळा वागतो, कारण दहा मिनिटांत गाळ पूर्ण विरघळत नाही, पण तो मऊ होऊन सुटायला मात्र तेवढी मिनिटे पुरतात. जाळी स्वच्छ केल्यानंतर, एक-दोन वेळा ऑइल बदलून झाल्यावर मृदुलाताईंनी फ्लश वापरला तर माझा विरोध नाही.

ज्यांना चेंबर उतरवणे शक्यच नाही त्यांच्यासाठी सावकाश जाण्याचा मार्ग आहे. चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतात. पहिले चिकटलेली घाण हळूहळू सोडवतात आणि दुसरे सुटलेले कण एकत्र येऊ न देता तरंगते ठेवतात. पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचे, चालू दर्जाचे ऑइल भरावे. पेट्रोल गाड्यांसाठी २०२० पासून एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी हा दर्जा मिळतो आणि तो जुन्या इंजिनांनाही चालतो. ते ऑइल दीड-दोन हजार किलोमीटरवरच फिल्टरसह बदलावे आणि असे तीन-चार वेळा करावे. फिल्टर दर वेळी बदलण्याचे कारण असे की तो भरला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि मग न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगांकडे जाते. या काळात दाबाचे गेज लावून ठेवता आले तर फार उत्तम. दाब उतरताना दिसला तर गाडी थांबवावी आणि चेंबर उतरवावाच.

जुन्या फिल्टरचा पत्रा पाइप कापण्याच्या चाकूने कापून आत पाहण्याची सवय लावा. करवतीने कापू नका, करवतीचाच कीस आत पडतो आणि फसगत होते. कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसराव्यात. बोटांत चुरगळणारे काळे कण म्हणजे कार्बन, ते येणे अपेक्षितच आहे. चमकणारे कण दिसले तर त्यावर चुंबक फिरवावा. चिकटले तर ते लोखंड-पोलाद. न चिकटणारे, मऊ आणि रुपेरी किंवा तांबूस असतील तर ते बेअरिंगचे असू शकतात, आणि मग सफाई थांबवून इंजिन तपासून घ्यावे.

मृदुला

सर्वांचे मनापासून आभार. फोरमनसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे ओळखीच्या मेकॅनिककडून, माझ्या समोर, चेंबर आणि टॅपेट कव्हर दोन्ही उतरवून घेतले. गेजवर गरम इंजिनाचा आयडलचा दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्या किंचित खाली होता. जाळीचा निम्म्याहून अधिक भाग झाकलेला होता, आणि त्यात नुसता गाळ नव्हता. कोणे एके काळी चेंबर बसवताना भरमसाट लावलेल्या नारिंगी सीलंटचे रबरी तुकडेही अडकलेले होते. चेंबरच्या तळाला बोटाचे पेर बुडेल एवढा थर होता. हेडमधल्या भोकांपैकी दोन पूर्ण बंद निघाली. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला तर काहीच आवाज आला नाही. जाळी आणि चेंबर बाहेर रॉकेलने धुतले, पूर्ण सुकवले, नवे गॅस्केट आणि ड्रेन प्लगचा नवा वॉशर घातला, बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळले. नवे ऑइल भरल्यावर इग्निशन आणि इंधनपंप बंद ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत थोडे थोडे करून स्टार्टर फिरवला आणि मगच इंजिन सुरू केले.

आता दाब किमान आकड्याच्या बराच वर आहे. टकटक जवळजवळ गेली, सकाळचा धूरही पुष्कळ कमी झाला. चढावरची खडखड मात्र तशीच आहे. ती कार्बनमुळे असेल तर तो काढण्याचा सुरक्षित मार्ग कोणता?

पाना-पक्कड

मृदुला, तुम्ही जाळीचे काम आधी केलेत हे उत्तम. कार्बनचा प्रश्न गाळापेक्षा निराळा आहे, कारण ही घाण ऑइलच्या बाजूची नसून इंधनाच्या बाजूची आहे. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या पोकळीत कार्बन बसला की तेवढी जागा कमी होते, दाबाचे गुणोत्तर वाढते, आणि तापलेला कार्बन स्वतःच मिश्रण वेळेआधी पेटवू शकतो. तुम्ही वर्णन केलेली खडखड बहुधा त्याचीच आहे. तरीही आधी इग्निशनचे टायमिंग, प्लगची उष्णताश्रेणी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचे पेट्रोल भरले जाते का, हे तपासा. या तिन्ही गोष्टी चुकल्या तरी आवाज तसाच येतो.

तुमच्या गाडीत इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारतो, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून पेट्रोल वाहते. याचा फायदा घ्या. पॉलीइथरअमाइन असलेले इंधनातले क्लीनर टाकीत सांगितलेल्या प्रमाणातच घाला आणि ती टाकी लांबच्या प्रवासात संपवा. हे रसायन व्हॉल्व्ह आणि ज्वलनकक्ष या दोन्ही ठिकाणचा कार्बन हळूहळू उतरवते. प्रमाण दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही. त्यातला थोडा अंश रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हा उपाय ऑइल बदलण्याच्या लगेच आधी करावा, नंतर नव्हे. तुमचे ऑइल तसेही लवकर बदलायचे आहे, तेव्हा तीच वेळ साधा. वाचणाऱ्यांपैकी कोणाची गाडी थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी असेल तर या क्लीनरने इनटेक व्हॉल्व्ह साफ होणार नाहीत, कारण पेट्रोल तिथे पोहोचतच नाही. तिथे मॅनिफोल्ड काढून, व्हॉल्व्ह बंद ठेवून, अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा झोत मारतात.

थ्रॉटल बॉडी काढता आली तर काढून, थ्रॉटलसाठीच्या क्लीनरने कापड भिजवून पुसा. हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर हा क्लीनर चुकूनही मारू नका, त्याची तार नाजूक असते आणि तिच्यासाठी वेगळा फवारा मिळतो. झडप विजेवर चालणारी असेल तर इग्निशन चालू असताना ती बोटाने ढकलू नये.

इनटेकमधून पाणी शिंपडून कार्बन उडवण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. मी ती कोणालाही सुचवत नाही. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते जरा जास्त गेले तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हाच धोका प्लगच्या भोकांतून पिस्टनवर क्लीनर ओतण्याच्या उपायात आहे. गाडी ऑइल खात असेल आणि रिंगा खाचेत चिकटल्याची शंका असेल तर तो उपाय योग्य आहे, पण त्याची शिस्त मोडून चालत नाही. सर्व पिस्टन साधारण मध्यावर आणून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडेच क्लीनर घालावे आणि रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून, कॉइल आणि इंधनपंपाची जोडणी काढून, भोकांवर जाड कापड टाकून स्टार्टर फिरवावा, म्हणजे उरलेले द्रव बाहेर फेकले जाते. कॉइल जोडलेली राहिली तर तिची ठिणगी त्या वाफेला पेटवू शकते. खाली उतरलेल्या क्लीनरसह ते सगळे ऑइल इंजिन सुरू करण्याआधी काढून टाकावे. हे करण्यापूर्वी आणि नंतर कॉम्प्रेशन मोजा, नाहीतर फरक पडला की नाही ते कळणारच नाही. तुमच्या गाडीचा धूर चालताना दिसत नाही, त्यामुळे मला तरी रिंगांची शंका वाटत नाही आणि या उपायाची तूर्त गरजही दिसत नाही.

डिझेल गाडी असणाऱ्यांसाठी एकच सूचना. इनटेकमध्ये कोणताही ज्वलनशील फवारा चालू इंजिनावर मारू नका. डिझेल इंजिन असा फवारा इंधन म्हणून जाळते, आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही फेऱ्या वाढत जाऊन हाताबाहेर जाऊ शकतात. ईजीआरमुळे (जळलेला थोडा वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणारी व्यवस्था) मॅनिफोल्डमध्ये जमलेली काजळी मॅनिफोल्ड काढून बाहेरच साफ करावी.

सुकाणू

जाळीतल्या सीलंटच्या तुकड्यांचे वाचून मी माझे मत बदलतो. ते तुकडे कोणत्याही फ्लशने विरघळले नसते. जुनी गाडी हाती आली की पहिल्यांदा चेंबर उतरवावा, हे मान्य.

जुना फोरमन

मृदुलाताई, दोन भोके बंद निघाली म्हणजे धुराचा उलगडा बराचसा झाला. उरलेला धूर पुढच्या ऑइल बदलापर्यंत पाहा. तो तेवढाच राहिला तर स्टेम सील बदलून घ्या. आत्ता भरलेले ऑइल हजार किलोमीटरच्या आसपास, क्लीनरची टाकी संपताच काढा, आणि त्यापुढची दोन ऑइले दोन-दोन हजारांवर. ते लवकर काळे झाले तर घाबरू नका, सुटलेली घाण त्यात तरंगते आहे असा त्याचा अर्थ. दर काही दिवसांनी गाडी अर्धा-पाऊण तास सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवा.

या सगळ्यात बरेच वापरलेले ऑइल जमा होईल. ते त्वचेला घातक असते, म्हणून दर वेळी हातमोजे घाला. गटारात किंवा मातीत एक थेंबही जाऊ देऊ नका. झाकणाच्या डब्यात साठवून पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्यांकडे द्या. रॉकेल आणि क्लीनर त्या डब्यात मिसळू नका, मिसळलेले ऑइल पुन्हा शुद्ध करायला अवघड जाते आणि घेणारे ते परत करतात.